डावीकडचा आवाज कमी आहे

सोमवार, ३ जून
ऑफिसची लिफ्ट बंद. जिन्याने चौथ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. समोर साहेब. त्यांना वाटलं मी भडकलोय. त्यांनी मीटिंग पुढे ढकलली. फायदाच झाला, पण हे बरं नव्हे. उद्यापासून धावणे. पहाटे. सबब चालणार नाही.

मंगळवार, ४ जून
पहाटे उठलो होतो. पण गाण्याशिवाय धावणं म्हणजे नुसती दमछाक, असं कुठेसं वाचलं. जुन्या हेडफोनची वायर हातात अडकते (पलंगावर बसून हात हलवून पाहिले). तेव्हा आधी वायरलेस इयरबड्स. घाईने खरेदी करून पस्तावणाऱ्यांतला मी नाही.

शनिवार, ८ जून
आठवडाभर कसून अभ्यास. घामाने बिघडता कामा नयेत. उडी मारली तरी कानातून पडता कामा नयेत. बॅटरी लांब पल्ल्याची हवी. बायकोने विचारलं, पल्ला किती आहे? तिला दूरदृष्टी नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतले. आरशात घालून पाहिले. पोट आत गेल्यासारखं वाटतं.

रविवार, ९ जून, सकाळी
डावीकडचा आवाज कमी आहे. धावण्याचा प्रश्नच मिटला. अशाने तोल जातो. परत दिले. दुकानदाराने स्वतः ऐकून दोन्हीकडे सारखं असल्याचं सांगितलं. दिवसभर दुकानात गाणी वाजतात, बिचाऱ्याचे कान गेलेत. दुसऱ्या कंपनीचे घेतले, कानामागे अडकवायचा आकडा असलेले.

गुरुवार, १३ जून
यांचाही डावाच बारीक. कंपन्या दोन, खोट एकच. आतून मिळालेले असणार. दोघांनाही कडक इंग्रजीत ईमेल पाठवली.
घरात मात्र कमालीची शांतता. बायको हल्ली हळू बोलते. कन्या नववीत आहे. जेवताना डावीकडे बसून काहीबाही सांगत असते, तीही हळू. मी मान डोलावतो, छान म्हणतो. एका माणसाने निश्चय केला की अख्ख्या घराला शिस्त लागते.

शनिवार, १५ जून
जेवताना कन्येने काहीतरी विचारलं. हो, नक्की, म्हणालो. केवढी खूश झाली! मुलांना हवं तरी काय असतं, एक होकार.

रविवार, १६ जून
मायलेकी सकाळीच बाहेर पडल्या. दारातून बायकोने मागाहून येण्याबद्दल काही विचारलं, मी हो म्हटलं आणि दुकानाच्या शटरपाशी जाऊन उभा राहिलो.
तिसरी जोडी. डावा बारीकच. दुकानदाराने तोच डावा माझ्या उजव्या कानात घातला. खणखणीत. उजवा डाव्या कानात घातला. बारीक. म्हणजे दोष फिरता आहे. तो अदबीने म्हणाला, साहेब, एकदा कान दाखवून घ्या. गिऱ्हाइकाशी बोलायची ही कुठली रीत?
दुपारी दोघी परतल्या. कन्येच्या गळ्यात कसलंसं पदक. हल्ली शाळेत कशालाही देतात. माझ्याकडे न बघता खोलीत गेली. तिलाही इयरबड्स हवे असणार. वाढदिवसाला बघू.

मंगळवार, १८ जून
दुकानदाराला खोटं पाडायचं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बाईंनी डाव्या कानात पाहिलं, मग नर्सला बोलावून तिलाही दाखवलं. मळ. वर्षभराचा तरी असेल, म्हणाल्या. पिचकारीने कोमट पाणी मारलं. ट्रेमध्ये जे पडलं त्याचं वर्णन मी रोजनिशीतही करणार नाही.
बाहेर आलो तर जग केवढं बडबडतंय. बसचे ब्रेक, माझ्याच चपलांची चुरचुर.
घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात, फोनवर, बहिणीशी. दारातूनच सगळं ऐकू आलं. कन्या रविवारी आठशे मीटर पळाली. शेवटच्या वळणापर्यंत पहिली होती. तिथे तिने गर्दीत बाप दिसतोय का म्हणून पाहिलं, तेवढ्यात मागची मुलगी पुढे निघून गेली.
"चार दिवस सांगत होती गं त्याला," ही म्हणाली. "नक्की येतो म्हणाला होता."
चपला काढायचं राहून गेलं. तसाच उभा.

बुधवार, १९ जून
कन्येला सगळं सांगितलं, मळासकट. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.
"बाबा, मला वाटलं, तुला यायचंच नव्हतं."
यावर द्यायला सबब सापडली नाही. अशी वेळ पहिल्यांदाच आली. मग तिने विचारलं, शनिवारी सरावाला येशील का? तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ऐकू आलं होतं, तरी.

शनिवार, २२ जून
मैदानावर वेळेआधी हजर. इयरबड्स दोन्हीकडे उत्तम वाजतात. कन्येबरोबर धावायचा बेत होता. अर्ध्या फेरीत तो बदलला. तिने मला धरून बाकावर बसवलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं. ती आठशे मीटर जीव तोडून पळणार, मी वेळ मोजायची. एवढंच काम.
पळाली. काय पळते पोरगी! जमिनीला पाय लागतात की नाही, कळत नाही. आपल्या घरात हे चाललंय याचा मला पत्ता नव्हता. इयरबड्स कधी काढून खिशात टाकले, आठवत नाही. ती रेषेवर आली तेव्हा मी बाकावर चढून ओरडत होतो. शेजारची माणसं बघत होती. बघू देत.
धापा टाकत जवळ आली आणि विचारलं, किती?
घड्याळ अजून चालूच होतं.
बटण जरा जड आहे, म्हणालो. तिने घड्याळ घेतलं, अंगठ्याने दाबलं. लगेच थांबलं. ते शून्यावर आणून पुन्हा माझ्या हातात ठेवलं, आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.