कानबाईचं शुद्ध गाणं

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही उतरत नाही, म्हणून आज लिहायला बसले. अक्षर तुम्हीच घोटून घेतलेलं आहे, तेव्हा त्याला तरी नावं ठेवता येणार नाहीत.

स्वराज्य आलं आणि पाठोपाठ तुमची पारोळ्याहून धुळ्याच्या शाळेत बदली झाली. बिऱ्हाड लागलं त्याच दिवशी तुम्ही सांगून टाकलंत, या घरात अहिराणी बोलायची नाही, मास्तरांच्या घरात ती शोभत नाही. मायला आई म्हणायचं. ती बिचारी 'शे' म्हणता म्हणता जीभ चावायची, 'आहे' म्हणायची आणि पुढचं बोलणंच विसरायची. पारोळ्यात गल्ली डोक्यावर घेणारी बाई धुळ्यात 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर संसार करू लागली. मला तेव्हा तुमचं सगळं खरं वाटायचं.

मग श्रावणातला तो कानबाईचा सण. भाऊबंद जमलेत, पाटावर नारळाची कानबाई नथ लेवून बसली आहे, नैवेद्याच्या रोटांचा वास सुटलाय. गाणं उचलायचा मान आईचा. पण तुम्ही आठ दिवस आधीच तिचं गाणं शुद्ध मराठीत लिहून काढलं होतं आणि तिला वाचता येत नाही म्हणून मला ते तिच्याकडून पाठ करून घ्यायला लावलं होतं. कानबाईचं गाणं तपासून शुद्ध करायचं हे आपल्याकडच्या मास्तरालाच सुचावं! सकाळी विसर्जनाला निघताना बायका आईकडे बघू लागल्या. तिने दोन ओळी म्हटल्या, तिसरी आठवेना. तुमची काकू म्हणाली, "जाऊ दे व पोरी, आपलंच गानं म्हन." आईने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे वटारलेत. त्यानंतर ती कुठल्याच कानबाईला गायली नाही.

आणि तुम्ही? पांझरा नदीवरून परतल्यावर ओट्यावर रोट खात चुलतभावाला विचारत होतात, "का रे भो, घरना बठ्ठा बरा शेतस ना?" मांडीवर थाप मारून असे हसलात, की तसं हसताना मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. मी दारात दिसले, तर लगेच "बाळ, पाणी आणतेस का?" आमच्या तोंडून काढून घेतलेलं तुम्ही स्वतःसाठी जपून ठेवलं होतंत, नाना. ही फसवणूकच होती.

मराठीचं राज्य झालं तेव्हा तुम्ही शाळेत पेढे वाटलेत. त्याच पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. तापात तिची शिकलेली मराठी गळून गेली. "मनाजोडे बठ, मनासंगे बोल," म्हणायची. जवळ बस, बोल माझ्याशी, हे सगळं मला कळायचं, पण तोंडातून पुस्तकातलंच निघायचं. शेवटी मी कोणाची पोर, हेच तिने मला विचारलं, "तू कोनी पोर शे व?" दुसऱ्या दिवशी ती गेली.

एक राहिलं. रोज संध्याकाळी तुम्ही विचारायचात, "आज घरात अहिराणी कोण बोललं?" मी आईचं नाव सांगायचे. मग जेवताना तुम्ही तिच्याशी अक्षर बोलायचा नाहीत. त्या कानबाईनंतरही, तुम्हाला पुरतं ओळखूनही, मी सांगत राहिले, कारण तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवायचात. हे खरं तिला सांगायचं होतं. तिच्या बोलीत सांगायला बसले, तर पहिलं वाक्यही जमेना, म्हणून तुम्हाला लिहिलं.