उरलेले दोन रविवार

लष्करी इस्पितळ, पुणे
१९ जानेवारी १९८८

मित्र युजीन यास सेबॅस्टियनचा नमस्कार.

तू मजेत असशील. नसायला काय झालं? मीही ठीक आहे. इथलं जेवण बरं आहे, फक्त मासळी मिळत नाही. रजेवर आल्यापासून आमच्या वाडीतल्या केळींना पाणीही तूच देतोस, असं आईनं कळवलं. वा! भारी हौस.

कॅथरिनचं तुझ्याशी ठरलं, हेही तिनंच लिहिलं. "ज्यानं माझ्या लेकाला खांद्यावर घालून आणलं, त्याला माझी लेक नाही द्यायची तर कोणाला?" नाताळच्या मिस्साला फादरनी तुझं नाव घेतलं म्हणे, आणि तू मान खाली घातलीस. ते मात्र छान जमलं तुला.

मला खांद्यावर घातलं ते आपल्या तुकडीतल्या रामनाथनं, दुसऱ्या दिवशी सकाळी. लंकेत उतरलो तेव्हा केळीच्या बागा बघून "ही तर आपली वसईच" म्हणणारा तू. जाफन्याच्या रस्त्यावर सुरुंग फुटला तेव्हा माझ्याजवळ तू एकटाच होतास. माझी पाण्याची बाटली घेतलीस, "आलोच स्ट्रेचर घेऊन" म्हणालास आणि ताडांच्या पलीकडे वळलास. मी रात्रभर ते वळण बघत पडलो होतो. लवकर आणलं असतं तर पाय वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. हो, पाय. डावा, गुडघ्यापासून. आईला मी प्लास्टर आहे असंच लिहितो.

भीती मलाही वाटत होती. नुसता पळाला असतास तर कदाचित गप्प बसलो असतो. पण माझ्या रक्तावर मोठेपणा मिरवत तू माझ्याच घरात शिरलास. ते मी सोडणार नाही.

परवाच्या रविवारी देवळात तुमच्या नावांची पहिली पुकार झाली असेल. अजून दोन रविवार फादर विचारतील, या लग्नाला कोणाची हरकत आहे का. माझी आहे. कुबड्यांवर उभा राहून आपल्या अख्ख्या होळी गावासमोर, आईसमोर सांगणार आहे. कॅथरिन रडेल. रडू दे, जन्मभर रडण्यापेक्षा बरं.

आधी कळवतोय ते तुला सावध करायला नाही. पळायचं तर पळ, मग गावाला आपोआप कळेल. थांबलास तर फादरनी विचारल्यावर मागे वळून दाराकडे बघत जा. मी कोणत्या रविवारी येणार ते सांगणार नाही. वाट बघणं कसं असतं, तेवढं तुला कळायला हवं.

अजून तरी तुझा होणारा मेव्हणा,
सेबॅस्टियन