जड चमचा आणि न कलंडणारा पेला

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरबसल्या गिऱ्हाईक झालेल्या माझ्या समस्त बांधवांनो! म्हणजे तू आणि वहिनी. सभा लहान आहे, पण गाऱ्हाणं मोठं आहे. परवा मी फोनवर एक पायपुसणं पाहिलं. नुसतं पाहिलं! तेव्हापासून ते ऑनलाइन दुकान पायपुसणी घेऊन माझ्या मागे लागलंय. बातम्या उघडाव्या तर पायपुसणं, हवामान पाहावं तर पायपुसणं. कोपऱ्यावरचा वाणी असा घरापर्यंत मागे आला असता तर गल्लीने त्याला धरून चोपला असता. इथे मात्र याला सोय म्हणायचं! आपण काय घेतो, कशापाशी रेंगाळतो, ते सगळं टिपायचं आणि वर लाडात येऊन ‘खास तुमच्यासाठी’ म्हणायचं. माझ्यासाठी खास काय, ते मला ठरवू दे की!

म्हणून तर मी त्या दुकानाला माझं नाव दिलेलं नाही, जन्मतारीखही नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. काही लागलंच तर तुझ्या खात्यावरून मागवते.

तुझं पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम कसं चाललंय? शिवताना सुई हातात नीट बसते ना? सहज विचारलं. मागच्या पत्रात तुझं अक्षर जरा वाकडं वाटलं. फोन केला असता, पण तू ‘ठीक’ म्हणतोस आणि फोन वहिनींकडे देऊन मोकळा होतोस.

लोभ आहेच, त्याला वाढायला जागा ठेव.

तुझी,
भोंगा

९ जून

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

भाषण पोचलं. तुझ्या वहिनीने उभं राहून वाचलं, मी टाळ्या वाजवल्या. दुकानाला स्वतःचं नाव द्यायचं नाही म्हणून भावाचं देणाऱ्या तत्त्वाला माझा दंडवत. तुझा गुडघ्याचा पट्टा परवा माझ्या पत्त्यावर आला, तो पुढे पाठवला आहे.

माझं बरं चाललंय, अक्षराचं मनावर घेऊ नकोस. तुझं सांग. बरण्यांची झाकणं कोण उघडून देतं? चहा काठोकाठ भरून घेऊ नकोस, अर्धा कपच घ्यावा. एकटीने किती दिवस राहणार? पुढच्या महिन्यात इकडेच ये, राहायलाच ये. मागची खोली आवरून ठेवली आहे. आणि काही लपवू नकोस. तू सभा गाजवत असशील, पण थोरला मी आहे.

आहेस तशीच राहा, आम्हाला तशीच हवी आहेस.

दादा

१४ जून

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला दाखवू नका. आज भाषण नाही.

महिन्याच्या सुरुवातीला पायपुसणं शोधत होते, तर मध्येच दुकान मला थरथरत्या हातांसाठीच्या वस्तू दाखवायला लागलं. मग करू नये ते मी केलं. दादाने काय काय मागवलं, ती यादी उघडली. एक जड चमचा. एक न कलंडणारा पेला. दोन्ही कंपवाताच्या माणसांसाठी, असं खाली लिहिलं होतं. पुढचे पाच दिवस मी त्याच दुखण्याचं सगळं शोधत बसले. वजनदार हातमोजे, धरायचे दांडे, बटणं लावायचे आकडे.

बाबांचं तुम्हीही पाहिलंय. दोन वर्षं हात शालीखाली घेऊन बसायचे आणि आपल्याला वाटायचं, थंडी वाजतेय. चहाही अर्धाच घ्यायचे. आता दादा मला अर्धा कप घे म्हणतो, अक्षराचा विषय टाळतो. वहिनी, त्याचे हात गेले तर त्याचं काय होईल? त्याला दुसरं काही येत नाही आणि यावं असं कधी वाटलंही नाही.

जे असेल ते लिहा. मी घाबरले आहे.

तुमची नणंद

१९ जून

प्रिय वन्सं,
आशीर्वाद.

दाखवू नका म्हणालात, मी मोठ्याने वाचून दाखवलं. रागवा खुशाल, पण आधी खुर्चीत बसा.

तो चमचा खळ ढवळायला आणलाय. पुठ्ठ्याच्या दाट खळीत साधा चमचा वाकतो. पेलाही खळीचाच, कारण यांच्या बाइंडिंगच्या दुकानातलं मांजर रोज भांडं लवंडायचं. यांनी चित्रं पाहिली आणि मागवलं. खालचं वाचायचे कष्ट कोण घेणार? जन्मभर पुस्तकं बांधली, वाचायचा मात्र कंटाळा! आणि अक्षराचं म्हणाल, तर स्वारी स्वतःच्या चष्म्यावर बसली होती. नवा येईपर्यंत जुन्यावर भागवलं. काल सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवला, आणि मी पाहिलं नाही म्हणून काढून पुन्हा ओवला.

आता तुमचं ऐका. खातं एकच, म्हणून तुम्ही पाच दिवस जे शोधत होतात, ते सगळं इकडे यांच्या फोनवर येत होतं. बाबांचं दुखणं भोंग्याला लागलं, असं म्हणून हे धड जेवेनात. मागची खोली त्यासाठीच आवरली, पलंगाला धरायला दांडा बसवून घेतला. तुमचं पत्र ऐकून आधी हसत सुटले, मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. तेवढ्यात शेगडीवर खळ करपली.

तुमचे हात धड आहेत ना? एकदा लिहून टाका, म्हणजे हा माणूस पोटभर जेवेल.

माया आहे तेवढी राहू द्या, काळजी तेवढी कमी करा.

वहिनी

२४ जून

ती. दादास आणि ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

एकाच खात्यात राहून एकमेकांना आजारी पाडणाऱ्या कुटुंबीयांनो!

माझे हात धड आहेत. दादा, जेव. वहिनींचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच इतकी हसले की शेजारीण दार ठोठावून चौकशी करून गेली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पाठ टेकताच झोप लागली.

दुकानाला आपलं सगळं कळलं, फक्त खळ कळली नाही. एका चमच्यावरून त्याने तुला रोगी ठरवलं. पण ते यंत्र आहे. मी कोण? तीस वर्षं वर्गात मुलांना सांगत आले की शंका असेल तर विचारा, आणि सख्ख्या भावाला सरळ विचारायचं सोडून त्याची यादी उघडली. मागे लागले, टिपलं, अंदाज बांधले. ज्यासाठी मी दुकानावर तोफ डागली, ते सगळं मीही केलं. मी ते प्रेमापोटी केलं, असं म्हणावं, तर दुकानाची जाहिरातही तेच म्हणते!

मी येतेय, धडधाकट, आठ दिवसांसाठी. पलंगाचा दांडा राहू दे, टॉवेल वाळत घालीन. यापुढे तुझ्या तब्येतीचं मी तुलाच विचारीन आणि तूही मला विचार. माझ्यावरचा राग उतरला की लोभ जागेवर आणून ठेव.

आता एकच काम. हे पत्र खाली ठेव, हाताची खळ पूस आणि त्या खात्याचा पासवर्ड बदल. आत्ता. आणि मी कितीही भाषणं ठोकली तरी नवा मला सांगू नकोस.

तुझी,
भोंगा