पानात गुंडाळलेली गोळी

अम्मा,

आपल्या सोलापूरच्या उन्हात माणसं वाळून जातात, पण तू मोरीमागे लावलेला कढीपत्ता अजून तग धरून आहे. कालपासून मात्र त्याच्याकडे बघितलं की माझा जीव खालीवर होतो. तुझी नात सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. गरोदरपणात तिला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन दिलं, आणि ते फ्रीजच्या दारात जसंच्या तसं पडून आहे, हे मला काल कळलं. बाईसाहेब रोज सकाळी उपाशीपोटी मूठभर पानं ओरबाडून चावतात, तेवढंच.

मी ओरडले. ती म्हणाली, "आजीनं आयुष्यभर नुसती पानं खाऊन शुगर ताब्यात ठेवली की. मावशीआजीच सांगते." सांगते खरी तुझी धाकटी बहीण, सगळ्या गल्लीला सांगते. तुझ्या विडी कारखान्यातल्या बायकासुद्धा पानं मागायला दारात यायच्या, आणि तू पदर खोचून किती खायची, कशी चावायची ते समजावत बसायचीस. तुझी ती ऐट मला अजून दिसते.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पानं खाऊ द्या की, रोजच्या फोडणीतलीच आहेत. पण इंजेक्शन चुकवायचं नाही. बाळाचा प्रश्न आहे." हे ऐकल्यापासून मी एक काम धड केलेलं नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. बाळ हललं का, असं मी इतक्यांदा विचारलं की ती चिडून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते.

त्यातच ती सकाळ आठवली. मी शाळकरी पोर, दप्तर शोधत आत येते. तू ओट्याकडे तोंड करून उभी आहेस, विड्यांचं सूप बाजूला ठेवलेलं. तुझ्या तळहातावर कढीपत्त्याचं एक मोठं पान आणि त्यावर इवलीशी पांढरी गोळी. अंगठ्यानं तू पान दुमडतेस, विडी वळताना करायचीस तशी कड आत खोचतेस आणि पाण्याबरोबर गिळून टाकतेस. मग तुला मी दिसते. माझ्या तोंडावर हात दाबून तू म्हणतेस, "एवरिकी चेप्पकु. कुणाला सांगायचं नाही." हाताला तंबाखूचा वास होता. गोळ्या लागल्या म्हणजे बाई कामातून गेली, असं बायका म्हणतील, याची तुला धास्ती असावी. मी कुणाला सांगितलं नाही. तू गेल्यावरही नाही.

पण ती गोळी शुगरचीच होती ना? डोकेदुखीची असली तर? तुझे डॉक्टर कधीच वारले, मावशी कानावर हात ठेवते. सांगू शकली असतीस ती तू एकटीच, आणि तुला विचारायला मला इतकी वर्षं सुचलं नाही.

आज सकाळी मी लेकीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पान दुमडून दाखवायला गेले तर ते माझ्या हातात तुटलं. तुझी बोटं मला मिळाली नाहीत. ती हसली नाही.

"आजी रोज घ्यायची गोळी?"

"रोज."

"तू बघितलंस?"

"रोज बघायचे की मी. शुगरची गोळी."

मग उठून तिनं फ्रीज उघडला. सुई टोचताना डोळे घट्ट मिटले आणि माझं मनगट धरलं. त्यानंतर दोन पानं तोंडात टाकली, आजीसाठी म्हणाली. मला रडू आलं ते मी मोरीत जाऊन आवरलं.

तुझं गुपित मी फोडलं, रागाव हवं तर. उद्या सकाळीही तिनं विचारलं तर मी तेच सांगणार आहे. फक्त तुला म्हणून सांगते, अम्मा, मी ते एकदाच पाहिलं होतं.