दोनशे चाळीस चित्रांचा पोरगा

१४ जानेवारी १९६३, यवतमाळ

पुंडलिकराव सरांनी आज पुन्हा सगळे कागद परत केले. बारा चित्रं काढली की पडद्यावर एक सेकंद जातो. माझ्या बारा चित्रांत पोरगा हात पुढे करतच नाही, हिसका मारतो!

सर मुंबईत सहा वर्षं हलती चित्रं काढायचे. डोळे अधू झाले म्हणून परतले, आता टॉकीजच्या जाहिराती रंगवतात. सरकारी काम आलंय — देवीची लस टोचून घ्या, असं सांगणारं वीस सेकंदांचं चित्र. सिनेमाची गाडी ते गावोगाव दाखवणार. सरांना बारीक दिसत नाही, म्हणून काढायचं मी. दोनशे चाळीस चित्रं.

२ फेब्रुवारी

हात जमला! काचेखाली बल्ब, कागदावर कागद, आधीच्या रेघेपासून केसभर पुढे. चेहरा मात्र मेलेला. सर म्हणाले, ओळखीचं मूल घे. मग मोठ्या बहिणीचा, कांताबाईचा सुमेध घेतला. तीन वर्षांचा आहे. हसायच्या आधी मान खाली घालतो. तेच काढलं.

१९ फेब्रुवारी

भाऊजींचं पत्र आलं, दिग्रसकडच्या त्यांच्या गावाहून. टोचणारा आला तेव्हा कांताबाई सुमेधला घेऊन पराटीत, कपाशीच्या शेतात लपून बसली. तो गावाबाहेर गेल्यावरच निघाली. टोचलं की पोराला ताप येतो म्हणे. वाचून मी हसले. मी जिच्याकडे राहते त्या मथुरामावशीला वाचून दाखवलं, तीही हसली.

उत्तर उद्या लिहीन. अजून सत्तर चित्रं बाकी आहेत.

८ मार्च

सगळे कागद मुंबईला गेले. तिथे एकेकाचा फोटो काढून फिल्म करतील. पत्राचं उत्तर राहिलंच.

२७ मार्च

सुमेध गेला.

३१ मार्च, कांताबाईकडे

देवी निघाल्या होत्या. नऊ दिवस काढले त्यानं. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

बाबा अंगणात एकटेच बसले होते. म्हणाले, “बुद्धाची दीक्षा घेतली, देव सोडून सात वर्षं झाली. या देवीनं आपल्याले सोडलं नाही.”

कांताबाई रडत नव्हती. मला पाहून म्हणाली,

“तू तेच काम करून राह्यली ना? टोचून घ्या म्हणून?”

मी हो म्हटलं.

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

खोटं बोलवेना. पत्र वाचून हसले, हेही सांगून टाकलं. ती उठून आत गेली. दोन दिवस मी तिथे होते. माझ्याशी बोलली नाही.

१२ एप्रिल, यवतमाळ

फिल्म आली, असा सरांचा निरोप. गेले नाही. पेन्सिल हातात धरवत नाही.

२० एप्रिल

गेले आज. सरांनी खोलीत अंधार करून भिंतीवर लावली. सुमेधनं मान खाली घातली, हसला, हात पुढे केला, टोचून घेतलं आणि पळाला. सर म्हणाले, पोरी, जिवंत केलंस.

मी उठून दिवा लावला. मग त्यांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, ही दाखवायची की नाही ते तुझं-माझं काम नाही. तिला विचार.

५ मे

विचारून आले. चूल सारवत होती. मी बोलत गेले — चेहरा त्याचा आहे, हसणं त्याचं आहे, तू नाही म्हण, सर फिल्म देणार नाहीत. हात थांबला नाही तिचा. मी निघाले तेव्हा भाऊजींना म्हणाली, “गाडी आपल्या गावात कधी येते, तेवढं इचारा तिले.”

१८ मे

आली गाडी. शाळेपुढे पडदा लावला. चित्र संपल्यावर टोचणाऱ्यानं या म्हणून बोलावलं. बाया पोरांना पदराखाली घेऊन बसून राहिल्या.

कांताबाई उठली. पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

“हा माहा सुमेध. याले मी लपवला होता.”

एवढंच बोलली. आपल्या पुतण्याला कडेवर घेऊन पहिली तीच गेली. मागे रांग लागली.

उद्या गाडी पुढच्या गावी. कांताबाईनं चार लुगडी बांधून घेतली आहेत, सोबत जाते म्हणते. माझ्याशी अजून बोललेली नाही.