पिसांची घट

देऊळघाट,
ता. १० जानेवारी १९६७

प्रिय कोकिळाताईंस,

सप्रेम नमस्कार. म्हशीने तुडवलेला तुमचा पाय आता जमिनीवर टेकत असेल, असे धरून लिहिते. मी ठीक आहे. घडले ते असे:

१. शनिवारी रुक्मिणीबाईंचा राघू टेबलावर घेतला. गळ्याखाली बोराएवढी गाठ.
२. सहाव्या मिनिटाला राघू जागा झाला.
३. अर्धी गाठ काढून टाके घातले.
४. राघू जिवंत आहे. भिजवलेली डाळ खातो.

दुसऱ्या कलमाचा खुलासा करते. आमच्या दवाखान्याचा काटा शेळीच्या खाली कोणाला ओळखत नाही, म्हणून राघूला भगवंतराव सोनारांकडे नेले. त्यांनी वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, राघूला रुमालात बांधले आणि (आपल्या प्राध्यापकांतही न दिसलेल्या एकाग्रतेने) वजन सांगितले: नऊ तोळे. गुंगीचे इंजेक्शन मी त्या हिशेबाने दिले. राघू भरला होता साडेदहा. दीड तोळा त्यांनी वजा केला होता. विचारल्यावर म्हणाले, "पिसांची घट नाई धरायची का बाई? दागिन्यातली लाख मी काय सोन्यात मोजतो?" (तीस वर्षांच्या सवयीपुढे माझी पदवी दोन वर्षांची.)

राघूने डोळे उघडून रुक्मिणीबाईंच्या आवाजात विचारले, "कोन हाय बे?" त्यावर बाहेरच्या बाकावरून खऱ्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मीच आहो ना रे बाप्पा." आमचे कंपाउंडर कारभारी यांच्या हातून चिमटा पडला. बाई एकट्या राहतात. भाजीच्या मळ्यातून घरी आल्यावर बोलणारा हा एकच. उरलेली गाठ वाढली तर महिन्याभरात त्याला गिळता येणार नाही. हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग पुन्हा करा. मी बसतो बाहीर."

तुमची,
इंदुमती

ता. क. रजिस्टरमध्ये 'वजनातील चुकीमुळे औषध कमी पडले' असे लिहिले आहे.

ता. क. २. ते पुरते खरे नाही. ईथरचा बोळा डाव्या हाताशी तयार होता, दोन थेंब पुरले असते. पण बोटाखालचे राघूच्या छातीचे ठोके मला मोजता येईनात, आणि मी टाक्यांची सुई उचलली. भगवंतराव दुकानात येईल त्याला 'चूक माझीच' म्हणून सांगत आहेत. मी त्यांना अजून थांबवलेले नाही.

रविवारी, १५ तारखेला, उरलेली गाठ काढणार आहे. त्या दिवशी संक्रांतीची कर असल्याने दवाखान्यात कोणी फिरकणार नाही. अकोल्याहून येऊन ईथर धराल का? चिरा मीच देईन. शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवा.