ड जीवनसत्त्व आणि तुमचे मेहुणे

लोणावळा, शनिवार

आदरणीय भाऊंस,

धाकट्या यशोधराचा सप्रेम जयभीम. तुमचा खोकला आणि हिरावहिनींचे गुडघे यांनी यंदाचा पावसाळा कसा काढला, ते कळवावे. (पत्र लिहिते, कारण फोनवर बोलू लागले की हे जवळ येऊन बसतात.)

माझ्या हातांवरच्या इसबाची हकीकत ऐका. तुमचे मेहुणे अतुलराव रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून वैद्यकशास्त्राच्या मागे लागले आहेत. सगळा दवाखाना मोबाइलमध्ये. त्यात त्यांनी वाचलं, ज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी, त्यांचं इसब जास्त. झालं! निदान तयार आणि औषधही फुकट, ऊन. ऑगस्टात, लोणावळ्यात! (एवढा भूगोल रेल्वेने शिकवला नसावा.) स्कूटरवर घालून मला आधी कुरवंड्याला नेलं. तिथे धुकं असं, की अतुलरावच दिसेनात. तेवढाच काय तो आराम. मग खाली कार्ल्याला. एका भातखाचराच्या बांधावर हातभर ऊन पडलं होतं. खोबरेल फासून, बाह्या सारून मला तिथे बसवलं, आणि स्वतः घड्याळ बघत उभे. ऊन सरकलं की मी सरकायचं. हायवेवरच्या बसमधली माणसं फोटो काढत होती. तेवढ्यात शेताची मालकीण झुंबरबाई विळा घेऊन आली.

"कुनाची वाट बघताय, बाई?"

"उन्हाची," हे म्हणाले.

"मंग दिवाळीला या की! आत्ता बांध कशापायी तुडवताय?"

घामाने आणि ओल्या गवताने संध्याकाळपर्यंत हात असे चिघळले, की तळेगावच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे धावावं लागलं. रक्त तपासलं, तर ड खरंच कमी! अतुलरावांची छाती सदऱ्यात मावेना. बाईंनी ती लगेच उतरवली. म्हणाल्या, "दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात खऱ्या, पण कशामुळे काय, हे अजून पक्कं नाही. खाज असलेला माणूस लाजेने घरात बसतो, त्यानंही ड कमी होईल." मग मला विचारलं, "चारचौघांत शेवटच्या कधी गेला होतात?" मी आठवू लागले. हे मात्र पटकन म्हणाले, "चौदा महिने झाले, डॉक्टर."

(मोजत होते, हे मला ठाऊक नव्हतं.)

तुमची,
यशोधरा

ता. क. महिनाभर मलम लावते, डची पुडी घेते. हात निवळले. मलमाने की पुडीने, हे डॉक्टर सांगत नाहीत. अतुलराव न विचारता सांगतात.

ता. क. आणखी एक. तुमच्या आकाशच्या लग्नाला मी आले नाही, तेव्हा मला ताप आला नव्हता. आत्या म्हणून हळद मला लावायची होती, आणि हा सोलवटलेला हात पोराच्या गालाला लावायचा नव्हता. सून अजून पाहिली नाही. तुमच्या इंदुरीच्या घरून बोलावणं धाडा, पण मी मागितलं असं म्हणू नका. आणि दोघांनाही बोलवा. त्या माणसाला एकट्याला घरी ठेवून मी येणार नाही.